तीन हजारांत प्रोसेसर बदलायचा की साडेआठ हजारांत दुसरं मशीन घ्यायचं?

सांगलीच्या मारुती चौकाजवळ ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स आणि मराठी टायपिंगचं छोटं दुकान चालवणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांच्याकडे एकच कॉम्प्युटर आहे. पेंटियम ड्युअल कोअर ई५२०० प्रोसेसर, जी३१ चिपसेटचा (बोर्डावरच्या मुख्य चिपचा) बोर्ड, २ जीबी डीडीआर२ रॅम आणि साधी हार्ड डिस्क. प्रवेशाचा हंगाम तोंडावर आलाय आणि मशीन फॉर्म भरताना रखडतं. दुरुस्तीवाल्याने दोन पर्याय दिलेत. पहिला, त्याच बोर्डावर जुना कोअर टू ड्युओ ई८४०० बसवायचा आणि रॅम ४ जीबी करायची, मजुरीसकट २,९०० रुपये. दुसरा, जुनंच पण पूर्ण मशीन घ्यायचं: कोअर आय३-२१२०, ८ जीबी डीडीआर३, २४० जीबी एसएसडी (साध्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क), १९ इंची मॉनिटर, सगळं मिळून ८,५०० रुपये. आताचं मशीन दिलं तर त्यातले हजार कमी. बँकेत २२,००० आहेत, घरखर्च महिन्याला साधारण १४,००० आहे, आणि पिग्मी दिवाळीत पूर्ण होणार आहे. पिग्मी मोडू का, असंही त्यांनी विचारलंय.

ताई, आधी मत सांगतो, मग कारणं. आय३ चं मशीन घ्या, पण जुनं मशीन हजार रुपयांना देऊ नका. आणि पिग्मीला हात लावू नका.

ई८४०० वाईट प्रोसेसर नाही. २००८ च्या सुरुवातीला आला तेव्हा ड्युअल कोअरमध्ये त्याचा मान मोठा होता. तुमचा ई५२०० २.५ गिगाहर्ट्झवर चालतो आणि त्याला २ एमबी कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली छोटी वेगवान मेमरी, आहे. ई८४०० ला ३ गिगाहर्ट्झ आणि ६ एमबी. बसचा, म्हणजे प्रोसेसर आणि बोर्ड यांच्यातल्या वाटेचा, वेगही ८०० वरून १३३३ वर जातो. कागदावर ही वाढ खरी आहे, थोडीफार हातालाही जाणवेल. पण तुमचं काम कुठे अडतं ते बघा. एका मुलाचा प्रवेशाचा फॉर्म भरताना एका टॅबमध्ये पोर्टल असतं, दुसऱ्यात व्हॉट्सॲप वेब, कारण दाखला तिथे आलेला असतो. बाजूला मार्कशीटची पीडीएफ उघडी, फोटो आणि सही सांगितलेल्या केबीत बसवायची, वर स्कॅनरचं सॉफ्टवेअर. २ जीबी रॅममध्ये एवढं मावत नाही, म्हणून मशीन सतत हार्ड डिस्ककडे धावतं. तो खरखर आवाज आणि गोल फिरणारं चक्र, तुमचे ग्राहक त्यातच परत जातात. २,९०० पैकी रॅमचे पैसे या दुखण्यावर पडतात, प्रोसेसरचे फारसे नाहीत, आणि हार्ड डिस्क तर तशीच राहते.

म्हणून खरी तुलना २,९०० आणि ८,५०० ची नाही. पहिल्या पर्यायात १,६०० ची एसएसडी घालावीच लागेल, म्हणजे ४,५००. (एसएसडी महागाची घेऊ नका. तुमच्या बोर्डावरचा साटा, म्हणजे डिस्क जोडायची वाट, जुन्या, ३ गिगाबिटच्या वेगाचा आहे, भारी एसएसडीचा वेग तिथे वायाच जातो.) मग प्रश्न असा उरतो की वरच्या ४,००० रुपयांत तुम्हाला नक्की काय मिळतं.

जी३१ बोर्डाची रॅमची कमाल मर्यादाच ४ जीबी आहे. आज तिथे पोचलात की पुढचा रस्ता बंद. त्यात तुमचं विंडोज ३२ बिटचं आहे असं तुम्ही लिहिलंय, त्याला ४ जीबी पूर्ण दिसतही नाही. म्हणजे ते काढून ६४ बिटचं टाकणं आलं. डीडीआर२ च्या पट्ट्या उद्या डीडीआर३ किंवा त्यापुढच्या मशीनला चालणार नाहीत. बोर्ड पंधरा वर्षांच्या पुढचा, तो गेला की प्रोसेसर आणि रॅम दोन्ही ड्रॉवरमध्ये पडून राहतील. साडेचार हजारांतली एसएसडी तेवढी वाचेल.

आय३-२१२० २०११ चा आहे. कोअर त्यालाही दोनच, पण थ्रेड (एकाच वेळी हाताळता येणाऱ्या कामांच्या ओळी) चार, वेग ३.३ गिगाहर्ट्झ. रॅमशी बोलणारा भाग आणि ग्राफिक्स दोन्ही प्रोसेसरमध्येच आहेत. ई८४०० मध्ये ही कामं बोर्डावरच्या चिपसेटकडे होती. अनेक टॅब उघडे असताना या चार थ्रेडचा उपयोग होतो. आणि त्याच सॉकेटमध्ये पुढे चार कोअरचा आय५-२४०० बसतो, जुन्या बाजारात तो सहज मिळतो. म्हणजे इथे घातलेला पैसा एका जागी कोंडून पडत नाही.

वीज वाचेल असं दुरुस्तीवाला म्हणतो, ते हिशोबात धरू नका. दोन्ही प्रोसेसर ६५ वॉटचे. अख्ख्या मशीनमागे २० वॉटचा फरक पडला असं मोठ्या मनाने धरलं, तरी रोज दहा तास आणि महिन्याला २६ दिवस म्हणजे सव्वापाच युनिट. तुमच्या १२ रुपयांच्या दराने ६२ रुपये.

आता पैसे कसे सुटतात ते बघू. हंगामात रोज पाच-सहा जण रखडपट्टीला कंटाळून जातात आणि एका फॉर्ममागे सरासरी ५० रुपये मिळतात, असं तुम्ही कळवलंय. त्यातले निम्मे संध्याकाळी पुन्हा येत असतील, म्हणून मी तीनच धरतो. रोजचे १५०, महिन्याचे ३,९००, कागद-शाई वजा जाता साडेतीन हजार. जून ते ऑगस्टमध्ये ८,५०० वसूल होतात. हंगाम संपल्यावर घेतलंत तर तेच पैसे सुटायला वर्ष लागेल, म्हणून घ्यायचं तर याच पंधरवड्यात.

जुनं मशीन देऊ नका म्हणतो त्यामागे दोन कारणं आहेत. हंगामात भाची मदतीला येते असं लिहिलंय, आज ती बसून असते. जुन्या मशीनचं इंटरनेट काढून टाका, त्यावर फक्त श्रीलिपी या सॉफ्टवेअरमधलं मराठी टायपिंग आणि प्रिंट. त्या कामाला ई५२०० आणि २ जीबी पुरतात. प्रतिज्ञापत्र टाइप होत असताना फॉर्मची रांग थांबणार नाही. हजार रुपयांत दुसरी बैठक तुम्हाला कुठे मिळणार नाही.

दुसरं कारण सुरक्षेचं, आणि याबद्दल मला खरोखर काळजी वाटते. विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे या दोन्हींपैकी एकाही प्रोसेसरवर बसत नाही. ई८४०० मध्ये तर एसएसई ४.२ हा सूचनासंचच नाही, त्यामुळे २४एच२ या आवृत्तीपासूनचं विंडोज ११ त्यावर सुरूही होत नाही. आय३ वर ते खटपटी करून घालता येतं, पण धंद्याच्या मशीनवर असली खटपट नको. लोक तुमच्या हातात आधार, पासबुक, जातीचा दाखला देतात. म्हणून विंडोजवरची कामं इंटरनेट नसलेल्या जुन्या मशीनवर ठेवा आणि इंटरनेटच्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकून घ्या, ते फुकट आहे, ब्राउझर तोच आणि मराठी युनिकोड टायपिंगही चालतं. मात्र पैसे देण्याआधी तुमचा स्कॅनर आणि प्रिंटर दुकानात नेऊन मिंटवर जोडून बघा. चालला नाही तर स्कॅनिंग जुन्या मशीनवर करून पेन ड्राइव्हने फाइल आणावी लागेल. चालेल, पण हात दुप्पट लागतील. ग्राहकांची कागदपत्रं रोज संध्याकाळी पुसून टाका.

तुमच्या भावाने आठव्या पिढीचं आय५ १५,००० ला हप्त्यावर घ्यायला सांगितलंय. तांत्रिकदृष्ट्या त्याचं बरोबर आहे, विंडोज ११ त्यावर अधिकृत चालतं. पण दुकान मारुती चौकात आहे, ताई. २००५, २०१९, २०२१ चे पूर तुम्ही बघितलेत. पावसाळ्याच्या तोंडावर कर्ज काढून तळमजल्यावर १५,००० ची वस्तू मांडू नका. दिवाळीनंतर महिन्याला ५०० ची आवर्ती ठेव सुरू करा, दीड वर्षात ९,००० आणि वर व्याज जमेल. तोवर आय३ काम ओढेल. दोन्ही कॅबिनेट टेबलाखाली न ठेवता वर ठेवा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आहे, पाणी ३५ ला आलं की कॅबिनेट, प्रिंटर घरी न्या. झेरॉक्स मशीन उचलून नेता येत नाही, तेव्हा दुकानाचा विमा विचारा. लहान धंद्यांसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा ही ठरीव पॉलिसी २०२१ पासून आहे, त्यात पूर येतो. पाणी चढायला लागल्यावर विमा काढायला गेलात तर उपयोग नाही, मे महिन्यातच जा.

२२,००० मधून ८,५०० गेले तर १३,५०० उरतात, म्हणजे जेमतेम महिन्याभराचा घरखर्च. ही रक्कम मला कमीच वाटते, म्हणून हंगामातली वाढीव कमाई आधी तिथे परत भरायची, बाकी काही नाही. पिग्मी मुदतीआधी मोडली तर व्याजावर पाणी सोडावं लागतं, वर काही ठिकाणी कपातही होते. हातात पैसे असताना ते कशाला?

दुकानदाराकडून पक्की पावती घ्या, त्यावर प्रोसेसरचा नंबर, रॅम, एसएसडीचा सीरियल नंबर आणि महिन्याभराची वॉरंटी लिहून मागा. वॉरंटीच्या पहिल्या आठवड्यात मशीन दिवसभर चालू ठेवा, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) किंवा पंखा कच्चा असेल तर तेव्हाच कळेल. भाव करताना ८,००० पासून सुरुवात करा, मॉनिटर जुना आहे हे त्यालाही माहीत आहे.