‘छान झालं’च्या पुढं काय सांगू?

प्रश्न : मी सेलूची. घर, शेताचा हिशोब आणि गुरुवारचं भजनी मंडळ एवढं माझं जग. मंडळात टाळ धरते, कधी पेटीवर बसते. लेक संभाजीनगरला शिकायला आहे. गेल्या महिन्यात तिनं बोलावून घेतलं आणि एका शास्त्रीय गायनाच्या मैफलीला नेलं. माझी आयुष्यातली पहिलीच. संध्याकाळी साडेसहाला सुरू झाली. पहिला राग गाणाऱ्या बाईंनी पाऊण तास गायला. मारवा, एवढं नाव लक्षात आहे. मला सारखं वाटत राहिलं, की ही बाई घराकडं यायला निघते आणि उंबऱ्यापाशी येऊन थांबते, आत पाऊल काही टाकत नाही. जीव कासावीस झाला. शेवटी एकदाची आत आली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गावी परतले तर मंडळातल्या बायांनी घेरलं, ‘काय गं, कसं झालं गानं? आम्हाला बी सांग की.’ माझ्या तोंडून ‘छान झालं’ याच्या पुढं शब्द निघेना. एका शिकलेल्या नातेवाइकांनी विचारलं, ‘ख्याल कोणत्या तालात होता?’ तेही सांगता आलं नाही. शास्त्र न शिकलेल्या माणसानं अशा गाण्याबद्दल बोलावं का? आणि बोलायचं तर काय?
– एक वाचक, सेलू, जि. परभणी

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिसऱ्या वेळी शेजारच्या खोलीतल्या विद्यार्थिनींना बोलावून वाचून दाखवलं. परभणीत ३४ वर्षं मी शाळेत संगीत शिकवलं. मारवा फळ्यावर किती वेळा लिहिला असेल! पण ‘उंबऱ्यापाशी येऊन थांबते’ इतकं नेमकं मला कधी सुचलं नाही.

तुम्हाला जे वाटलं ते मारव्याच्या घडणीतच आहे. षड्ज म्हणजे गाण्याचं घर. तुम्ही पेटीवर बसता तेव्हा आधी कोणत्या पट्टीचा ‘सा’ ते ठरवता, मग सगळा अभंग त्याच्या आधारानं चालतो. बहुतेक रागांत गाणारा फिरून फिरून ‘सा’वर येऊन टेकतो. मारव्यात मुक्काम असतो कोमल रिषभावर (‘रे’) आणि शुद्ध धैवतावर (‘ध’). कोमल रिषभ म्हणजे ‘सा’च्या अगदी लगतची पट्टी. घराच्या भिंतीला हात लागतो आणि दार मात्र उघडत नाही. त्यात पंचम (‘प’) वर्ज्य, म्हणजे वाटेत टेकायला दुसरा आधारही काढून घेतलेला. वेळ दिवस मावळतीची, गुरं घरी येतात ती. अशा वेळी पाऊण तास कुणी उंबऱ्याबाहेर उभं राहिलं तर जीव कासावीस होणारच. त्या बाईंनी फार चांगला गायला असणार, आणि तुम्ही फार चांगला ऐकला.

मंडळात बायांना हेच सांगा. जसं पत्रात लिहिलंत तसंच, उंबऱ्यासकट. त्यांना पुरतं कळेल.

आता तालाचं. तुमच्या नातेवाइकांनी विचारलं त्यात गैर काही नाही, पण तो दुसरा प्रश्न आहे. पुढच्या वेळी एक करा. विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल सुरू झाला, की गाणाऱ्याकडं आणि तबलजीकडं आलटून पालटून बघा. मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, म्हणत म्हणत गाणारा एका जागी येतो आणि तिथं दोघांच्या माना एकदम हलतात. ती सम. एका समेपासून पुढच्या समेपर्यंत एक आवर्तन. विलंबित एकतालाच्या १२ मात्रा इतक्या सावकाश येतात, की ८ मात्रांच्या भजनी ठेक्याची सवय असलेल्याला ताल थांबल्यासारखाच वाटतो. तो थांबलेला नसतो. दोन-तीन मैफलींत तुमचीही मान आपोआप त्या जागी हलायला लागेल. कारण कान तुमचा तयार आहेच. मंडळात पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावताना तुम्ही बघितलं असेल. चिमूटभर लावायची, थाप मारून ऐकायचं, अजून चिमूटभर, पुन्हा थाप. ‘आता बसला’ हे जिला बसल्या जागेवरून कळतं तिनं शास्त्र शिकले नाही म्हणून गप्प बसू नये.

शिवाय आपण कुठल्या मातीत राहतो तेही एकदा आठवा. लेकीकडं जाल तेव्हा दौलताबादचा किल्ला बघून या. तेव्हाची ती देवगिरी. १३व्या शतकात यादव राजा दुसरा सिंघण याच्या दरबारी शार्ङ्गदेव होता. घराणं मूळचं काश्मीरचं, आणि त्याचं काम दरबारच्या हिशोब-दफ्तराचं. तुम्ही शेताचा हिशोब बघता, तो राज्याचा बघायचा. त्यानं ‘संगीतरत्नाकर’ हा सात अध्यायांचा ग्रंथ लिहिला. त्यातल्या प्रकीर्णक अध्यायात गाणाऱ्यांचे २५ दोष दिले आहेत. कावळ्यासारखा कर्कश गातो तो काकी. भीत भीत गातो तो भीत. ज्याचा ताल सुटतो तो विताल. नाकात गातो तो सानुनासिक. गाण्यात ज्याचं लक्षच नाही तो अनवधान. डोळे मिटून गातो तो निमीलक (हा दोष मला मान्य नाही. मिटल्या डोळ्यांनी गाणाऱ्यांनी मला फार दिलं आहे). एवढा मोठा शास्त्रकार, पण दोष सांगताना त्यानं कावळा आणला, नाक आणलं, भीती आणली. कानाला आणि डोळ्याला जे जाणवतं ते तसंच नोंदवलं. मग तुम्ही उंबरा आणलात तर बिघडलं कुठं?

माझं स्वतःचं सांगते. मागच्या पंधरवड्यात नांदेडला एका घरगुती बैठकीला गेले होते. पन्नास-साठ माणसं, सतरंज्या, माइक नाही. मी मुद्दाम अर्धा तास आधी जाते, मला तंबोरे जुळताना ऐकायचं असतं. एक विशीतला मुलगा तंबोरा घेऊन बसला होता. पहिली तार बहुधा पंचमात लावतात, ह्यानं ती निषादात (‘नि’) लावली. तेव्हाच कळलं, की आज पंचम नसलेलं काही ऐकायला मिळणार. पूरिया निघाला. पूरियाचे स्वर मारव्याचेच, एकही वेगळा नाही. फक्त मुक्काम गंधार-निषादावर (‘ग’ आणि ‘नि’) आणि वावर खालच्या सप्तकात. तेच स्वर वरच्या सप्तकात खेळवले की सोहनी. एकाच पिठाच्या तीन भाकरी, थापणारा हात वेगळा.

मध्येच तंबोऱ्याच्या मधल्या, ‘सा’च्या जोडीची एक तार किंचित उतरली. गायक मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, निषादावर होते. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही, तोच निषाद लांबवत राहिले. मुलानं डाव्या हाताची बोटं खाली नेली, घोडीच्या (तारा जिच्यावर टेकतात तिच्या) पलीकडचा मणी तांदळाच्या दाण्याएवढा सरकवला, तार वर आली, दोन्ही जोडीच्या तारा एक झाल्या आणि त्याच क्षणी गायकांनी ‘सा’ लावला. सगळी खोली हलली. घरी येऊन वहीत एवढंच लिहिलं : ‘मणी सरकला, मग सा आला.’ बंदिशीचे शब्द मला आज आठवत नाहीत. तो ‘सा’ मरेपर्यंत आठवेल.

त्याच आठवड्यात दुसऱ्या एका गावी मैदानावरच्या कार्यक्रमाला गेले आणि मन विटलं. गायक तयारीचा, पण डग्ग्याचा आवाज इतका वाढवलेला, की छातीत धक्के बसत होते आणि तंबोरा औषधाला नव्हता. मध्यंतरात उठून मी मागं ध्वनियंत्रणेच्या टेबलाजवळ जाऊन बसले. आवाजाचा तोल सांभाळणारा माणूस तिथं बसून ऐकत असतो, म्हणून मैदानावर ती जागा बहुतेक वेळा सगळ्यांत बरी. तिथून निम्मं गाणं तरी हाती लागलं. संयोजकांना मी भेटून सांगितलं. तुम्हीही सांगत जा. मैफलीबद्दल बोलायचं म्हणजे फक्त कौतुकच करायचं, असं नाही. गाणाऱ्याचे कष्ट आणि आपलं कान देणं, दोन्ही वाया जातात तेव्हा बोललंच पाहिजे.

मंडळातल्या बायांना सांगून झालं, की त्या काय म्हणाल्या ते मला नक्की कळवा. वाट पाहते.

प्रश्न : मी लातूरचा, बासरी शिकतो. मैफलीत मोबाइलवर रेकॉर्डिंग करून नंतर मित्रांना ऐकवतो. सर रागावले. चूक आहे का?

उत्तर : कलाकाराला न विचारता केलंत तर चूक, यात दुसरं मत नाही. विचारून, पडदा झाकून, अभ्यासापुरतं केलंत तर सर रागावणार नाहीत. पण माझी काळजी निराळी आहे. फोन आवाज आपोआप कमी-जास्त करत राहतो. बासरीवाला फुंक हळू करत स्वर विझवत नेतो, तेव्हा फोन तोच स्वर फुगवतो. म्हणजे जी जागा शिकण्यासारखी ती रेकॉर्डिंगमध्ये मोडलेली असते. आणि हात वर धरून बसलेला माणूस अर्धा कानच देतो. एक महिना फोन खिशात ठेवून पाहा. मैफल संपल्यावर कुणाशी बोलण्याआधी बाहेरच्या पायरीवर बसून तीन गोष्टी लिहा. मित्रांना त्या वाचून दाखवा आणि जमेल तशा बासरीवर वाजवून दाखवा. चुकत वाजवलंत तरी चालेल.

प्रश्न : सहा वर्षांच्या नातवाला मैफलीला न्यावं का? तो चुळबुळ करतो. – एक आजोबा, हिंगोली

उत्तर : अवश्य न्या, आजोबा. कडेची जागा धरा आणि लेकरू कंटाळलं की दोन रागांच्या मधल्या वेळात उठा. पूर्ण कार्यक्रम ऐकवायचा हट्ट नको. मात्र सुरू व्हायच्या आधी पोचा. तंबोरे जुळत असतील तेव्हा कलाकारांची परवानगी घेऊन त्याला पुढं न्या आणि ते मणी सरकवणारं बोट दाखवा.