एका वेळी एकच

बाळ, अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले आणि डॉक्टर म्हणाले, "टेन्शन घेऊ नका", याचा तुला राग आलाय. येणारच. दोन वर्षं पोट फुगतंय, कळा येतायत, सराव परीक्षेच्या सकाळी तीन-तीनदा जावं लागतंय आणि वर कुणीतरी म्हणतं, काही झालेलं नाही! सोनोग्राफीत आतडं दिसतं, ते वागतं कसं हे दिसत नाही. आतड्याच्या भिंतीत १० कोटींहून जास्त मज्जापेशी असतात आणि त्यांचं मेंदूशी अखंड बोलणं चालू असतं. तुझ्या कागदावर 'आयबीएस' लिहिलंय ना, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, चिडकं आतडं, त्यात हे बोलणं फार मोठ्या आवाजात चालतं. दुसऱ्याला जाणवणारही नाही एवढ्या वायूने तुझ्या पोटात कळ उठते.

आधी एक अट. शौचातून रक्त, कारण नसताना वजन उतरणं, ताप, हिमोग्लोबिन घसरणं, झोपेतून उठवणारी कळ किंवा जुलाब, यातलं काहीही दिसलं तर हे पत्र बाजूला ठेव आणि पुन्हा डॉक्टरांना गाठ.

आता माझी एक चूक सांगते. आहारतज्ज्ञ म्हणून नवी होते तेव्हा तुझ्याच वयाच्या एका मुलाला मी वर्ज्य पदार्थांची पानभर यादी दिली होती. दूध, गहू, डाळी, कांदा, लसूण, वांगं, आंबट, तिखट, तळलेलं. तीन महिन्यांनी आला तो सहा किलो उतरून, आणि पोट होतं तसंच. मऊ भातावर जगत होता, मित्रांबरोबर बाहेर जाणं सोडलं होतं. कशाने काय होतं हे त्यालाही सांगता येईना, मलाही. तेव्हापासून माझा एकच हट्ट: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची.

पहिले दोन आठवडे नुसतं लिही, बदलू काहीच नकोस. किती वाजता काय खाल्लं, चहा किती, झोप किती, पोटाने काय केलं. पाळीची तारीखही लिही. त्या दिवसांत आतडं वेगळं वागतं आणि दोष जातो बिचाऱ्या शेंगदाण्याच्या चटणीला.

माझा पहिला संशय तुझ्या मेसच्या रश्शावर आहे. तिखटावर म्हणत नाही मी, कांदा-लसणाच्या वाटणावर. त्यात फ्रुक्टान असतं, एक प्रकारची शर्करा, आणि ते पचवायचं साधन कुणाच्याच पोटात नाही. ते तसंच मोठ्या आतड्यात पोचतं, तिथले जिवाणू ते आंबवतात, वायू होतो. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा शर्करांची मोट बांधून त्या कमी करणारी 'लो फॉडमॅप' नावाची आहारपद्धत बसवली. ती पूर्ण करायच्या फंदात पडू नकोस. मेसमध्ये राहून जमत नाही. तीन आठवडे फक्त जैन डबा लाव, पुण्यात सहज मिळतो. फरक पडला तर तिथेच थांबायचं नाही. आधी कांदा परत आण, पहिल्या दिवशी थोडा, मग जरा जास्त. मग लसूण. किती चालतं ते शोधायचंय. जन्मभर सोडायचं नाहीये. आतड्यातले चांगले जिवाणूही फ्रुक्टानवर जगतात.

घरी गेलीस की आईला एक युक्ती सांग. फ्रुक्टान पाण्यात विरघळतं, तेलात नाही. म्हणून फोडणीच्या तेलात ठेचलेल्या पाकळ्या तांबूस होऊ द्यायच्या, एकूण एक वेचून काढायच्या आणि मगच ती फोडणी वरणावर ओतायची. लसणीचा वास तेलात उतरतो, फ्रुक्टान पाकळीत राहतं. पाकळी वरणात पडून उकळली की मात्र मेहनत वाया. हिंग खुशाल घाल.

गहू आपल्या मनाने बंद करू नकोस. सीलिॲकची, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनने होणाऱ्या आतड्याच्या आजाराची, रक्ततपासणी झाली नसेल तर आधी ती करून घे, कारण गहू सोडून महिने लोटले की तीच तपासणी खोटा दिलासा देऊ शकते.

अभ्यासिकेत झोप घालवायला शुगरफ्री च्युइंगम चघळतेस, असं तूच लिहिलंयस. त्यातलं गोडीसाठी घातलेलं सॉर्बिटॉलही फ्रुक्टानच्याच जातीचं. तो तुझा दुसरा प्रयोग. तिसरा इसबगोल. औषधाच्या दुकानात मिळतो म्हणून औषध समजू नकोस, ते बियांवरचं टरफल आहे. अर्ध्या चमच्यापासून सुरू कर आणि बरोबर ग्लासभर पाणी पी. गव्हाचा कोंडा मात्र नको, त्याने तुझ्यासारख्यांचं पोट आणखी फुगतं.

राहिला तो "टेन्शन घेऊ नका" हा सल्ला. तो अर्धवट आहे, कारण कसं घ्यायचं नाही ते कुणी सांगत नाही. मँचेस्टरचे पोटविकारतज्ज्ञ पीटर व्हॉरवेल यांनी १९८४ मध्ये, इतर उपायांना दाद न देणाऱ्या ३० रुग्णांवरचा संमोहनाचा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला. संमोहन घेतलेल्यांना लक्षणीय आराम पडला होता. तसं शिकलेलं माणूस इथे शोधणं अवघड, पण श्वास तर फुकट आहे. रात्री उताणी पड, पोटावर चालू घडामोडींचं मासिक ठेव. श्वास घेताना मासिक वर आलं पाहिजे, छाती नाही. घ्यायला लागेल त्याच्या दुप्पट वेळ सोडायला. दहा मिनिटं, रोज. पेपरच्या सकाळी पहिल्यांदा करून काही होत नाही, मी पाहिलंय.

आणि अभ्यासिकेतल्या त्या एकुलत्या संडासासमोर रांग असते म्हणून दाबून ठेवतेस, ते बंद कर. अर्धा तास लवकर ऊठ, खोलीवर काहीतरी गरम खा-पी आणि बसून राहा. खाल्लं की मोठं आतडं आपोआप हलतं.

वहीच्या पानांचे फोटो पंधरा दिवसांनी व्हॉट्सॲपवर पाठव. अक्षर कसंही चालेल, तारीख मात्र विसरू नकोस.

तुझी,
मावशी