लेकराच्या तापाचं औषध स्वस्तात कुठे मिळेल, आणि किती द्यायचं?

आधी आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, पॅरासिटामॉल तिथे फुकट मिळतं. विकतच घ्यायचं तर जनऔषधी केंद्रातून घ्या. औषध तेच, पैसे कमी.

पण बाटली नीट वाचा. एकीत ५ मिलिमध्ये १२० मिग्रॅ असतं, दुसरीत २५०, आणि थेंबांचं औषध त्याहून तेज. डोस वजनावर ठरतो: किलोमागे १० ते १५ मिग्रॅ. १० किलोच्या लेकराला पहिलीतून ५ मिलि, दुसरीतून फक्त अडीच! वजन अंगणवाडीत करून घ्या, माप बाटलीसोबतचंच वापरा.

दोन डोसांत सहा तास हवेतच. कापूस वेचणीच्या दिवसांत आजी दुपारी औषध पाजते, आई वावरातून आली की पुन्हा पाजते. म्हणून खोक्यावर पेनाने वेळ लिहा. तीन महिन्यांच्या आतलं बाळ तापलं तर थेट डॉक्टरकडे न्या.