लॅबमध्ये ओपन सोर्स सॉफ्टवेअर टाकायचंय, पण ते गुपचूप माहिती पाठवतं का?

सर, परभणीतल्या तुमच्या क्लासच्या लॅबमध्ये उबंटू (ऑपरेटिंग सिस्टिम), फायरफॉक्स (ब्राउझर) आणि व्हीएस कोड (कोड लिहायचा एडिटर) टाकायचंय आणि पालक विचारतायत, "फुकटचं आहे, मग पोरांची माहिती कुठं जाते?" ही शंका अगदी रास्त आहे. तिला "ओपन सोर्स आहे, काळजी नको" एवढं उत्तर देऊ नका. सोर्स कोड (प्रोग्रॅमचा मूळ मजकूर) कुणालाही वाचायला खुला असला तरी माहिती जाऊ शकते, फक्त ती लपून राहणं अवघड. 2012 मध्ये उबंटू 12.10 च्या डॅशमध्ये (ॲप आणि फाइल शोधायच्या खिडकीत) शोधलेला शब्द उबंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीच्या सर्व्हरकडे जायचा आणि ॲमेझॉनवरच्या वस्तू समोर यायच्या. लोकांनी रान उठवलं, 16.04 पासून ते मुळातच बंद होऊन आलं. 2021 मध्ये ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या ओपन सोर्स ॲपमध्ये वापराची नोंद ठेवणारी गूगल आणि यांडेक्स (रशियन कंपनी) यांची साधनं घालायचा प्रस्तावही असाच मागे घ्यावा लागला.

तुमच्या यादीत जास्त लक्ष व्हीएस कोडवर ठेवा. त्याचा कोड एमआयटी लायसन्सखाली खुला आहे, पण मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून आपण उतरवतो त्या तयार फाइलचं लायसन्स वेगळं आणि तिच्यात टेलिमेट्री, म्हणजे वापराची माहिती आपोआप कंपनीकडे पाठवणं, आधीच चालू. सेटिंग्जमध्ये 'टेलिमेट्री लेव्हल' शोधून 'ऑफ' करा. एवढ्यानं भागत नाही, कारण एखादं एक्स्टेन्शन (वरून जोडायची सोय) स्वतःची माहिती वेगळी पाठवत असेल तर ते ही सेटिंग पाळेलच असं नाही. म्हणून मोजकीच एक्स्टेन्शन ठेवा. व्हीएस कोडच्याच खुल्या कोडवरून बनवलेल्या व्हीएसकोडियममध्ये ही टेलिमेट्री बंदच असते, पण तिथं एक्स्टेन्शन मिळायचं मायक्रोसॉफ्टचं मार्केटप्लेस नाही. पायथन शिकवताना पायलान्स या मायक्रोसॉफ्टच्या पायथन एक्स्टेन्शनची उणीव जाणवेल.

फायरफॉक्सच्या ॲड्रेस बारमध्ये इंग्रजीत 'अबाउट', कोलन, 'टेलिमेट्री' टाइप करा. काय गोळा झालंय ते समोर दिसतं. पालकांना हेच पान दाखवा. बंद करायची खूण सेटिंग्जच्या प्रायव्हसी भागात आहे, पण ती त्या प्रोफाइलपुरतीच. प्रत्येक पोराचं लॉगिन वेगळं असेल तर 'ईटीसी' या उबंटूच्या सेटिंग्ज फोल्डरमधल्या 'फायरफॉक्स' फोल्डरात 'पॉलिसीज' फोल्डर करून त्यात 'पॉलिसीज' नावाची जेसन फाइल ठेवा आणि 'डिसेबल टेलिमेट्री' ट्रू करा. 'अबाउट', कोलन, 'पॉलिसीज' या पानावर ती लागू झाली का ते कळतं.

वायरशार्क हे नेटवर्कवरची ये-जा दाखवणारं ॲप लावलं तर मशीन कुणाशी बोलतंय ते दिसेल, काय बोलतंय ते नाही, कारण मजकूर बहुतेक एन्क्रिप्ट (कुलूपबंद) असतो. तिथं दिसणारं प्रत्येक कनेक्शन हेरगिरीचं नसतं, बरीचशी अपडेटची तपासणी असते. घाबरून सरसकट ब्लॉक केलं तर सुरक्षेचे अपडेटही अडकतील, आणि ते जास्त धोक्याचं.