काकूंची वही

मधुमेह झाला म्हणजे पोहे, उपमा, थालीपीठ हा घरचा गरम नाश्ता कायमचा सोडायचा का, हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे, की त्यांपैकी एका काकूंची हकीकत त्यांच्या संमतीने, ओळख बदलून, येथे लिहीत आहे.

काकू रोज पहाटे उठून घरातील पाच जणांसाठी नाश्ता करत आणि स्वतः मात्र बिनसाखरेच्या चहाबरोबर चार मारी बिस्किटे खात. "एकदा पोहे खाल्ले आणि साखर २१४ आली, ताई. तेव्हापासून हात लावलेला नाही."

"आणि बिस्किटांनंतर किती येते?"

त्या गप्प झाल्या. ती त्यांनी कधी मोजलीच नव्हती.

उपदेश करण्यापेक्षा माणसाला त्याची समजूत स्वतः तपासू द्यावी, या मताची मी आहे. त्यामुळे पहिल्या घासापूर्वी आणि त्यानंतर दोन तासांनी साखर मोजून वहीत लिहायची, एवढेच आम्ही ठरवले. तिसऱ्या भेटीत वही माझ्यापुढे आली. त्यात बिस्किटांनंतर १९६, मुगाच्या धिरड्यांनंतर १५२ आणि वाटीभर मटकीची उसळ खाऊन मग एक वाटी पोहे खाल्ले त्या दिवशी १६८, अशा नोंदी होत्या. जेवणानंतरची साखर साधारण १८०च्या आत असावी, हे डॉक्टरांनी त्यांना सांगितलेले होते. बराच वेळ त्या आकड्यांवरून बोट फिरवत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "स्वतःसाठी म्हणून मी कधी तवा ठेवलाच नाही हो."

साखरेची भीती त्यांना नंतर भेटली होती. सर्वांना वाढून आपण काहीबाही खाण्याची सवय त्याआधीची होती, आणि भीतीने तिला फक्त एक सबळ कारण पुरवले होते. हे मी आधी सांगितले असते, तर त्यांनी मान डोलावली असती आणि बिस्किटे चालूच राहिली असती.

पहाटे कॉर्टिसॉलसारखी संप्रेरके वाढतात, यकृत रक्तात साखर सोडते आणि इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो. म्हणून सकाळी पिष्टमय पदार्थ बेताने आणि डाळी-कडधान्यांच्या जोडीने खावेत. उसळ आधी, पोहे नंतर आणि तेही वाटीने मोजून. पोह्यांत बटाट्याऐवजी मटार, आणि खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटे चालणे. यासाठी महागडी पाकिटे आणावी लागत नाहीत. मात्र इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी नाश्ता टाळला, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. त्यांनी आहारातला कोणताही बदल डॉक्टरांना विचारूनच करावा. काकूंनीही तसे विचारले होते, आणि मगच वहीचे पहिले पान लिहिले होते.