‘रुग्णाशी नाते’

‘मॅडम, माझ्याकडचे विषयच संपलेत,’ त्या म्हणाल्या. वय पन्नाशीच्या आसपास. पूर्वी सात-आठ कथा छापून आलेल्या, पण गेल्या दोन वर्षांत एक ओळही उतरलेली नव्हती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, लिहायला त्यांची परवानगी आहे.)

लिहिणारे बरेच जण हीच तक्रार घेऊन येतात. मी विषय सुचवत बसत नाही. त्यांना एवढंच सांगितलं, ‘रोज झोपण्यापूर्वी, दिवसभरातलं मनात अडकून राहिलेलं काहीतरी दोन ओळींत लिहा. त्याची कथा होते का, ते बघू नका.’

पुढच्या भेटीला वही आली. बहुतेक नोंदी कोरड्या. एकीवर मात्र मी थबकले. दवाखान्यात एक आजोबा फॉर्म भरत होते. ‘रुग्णाशी नाते’ या रकान्यात त्यांनी काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.

‘याचं काय करणार? त्यांची हकीकत मला कुठे ठाऊक आहे!’

नेमकं इथेच अनेकांचं अडतं. सुचणं म्हणजे अख्खी गोष्ट हाती लागणं, असं आपण धरून चालतो. मी त्यांना कादंबरीकार हेन्री जेम्सबद्दल सांगितलं. 1893 च्या डिसेंबरात जेवणाच्या टेबलावर शेजारच्या बाईंनी घरातल्या सामानावरून भांडणाऱ्या एका आई-मुलाचा ओझरता उल्लेख केला. जेम्सला तेवढं पुरलं. बाई पुढचं खरंखुरं सांगत राहिल्या, ते त्याला नकोसं झालं. त्या बीजातून झालेली कादंबरी 1897 मध्ये आली.

‘आजोबांनी का खोडलं असेल? तीन कारणं सांगा,’ मी म्हटलं.

पहिलं, दुरावलेला भाऊ. दुसरं, घटस्फोटित नवरा. दोन्ही पटकन आली, म्हणून दोन्ही बेतास बात. तिसऱ्याला वेळ लागला. ‘बायको त्यांना ओळखत नाही आता. भाऊ समजते. त्यांना कळेना, नवरा लिहावं की…’ त्या गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, ‘माझी आई मला ओळखत नाही. दोन वर्षं झाली.’

त्या दिवशी आम्ही कथेवर आणखी बोललो नाही. आईबद्दल बोललो, बराच वेळ.

तीन आठवड्यांनी त्या अर्धवट मसुदा घेऊन आल्या. बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, ‘मॅडम, फॉर्मवर नात्याचा रकाना सहीच्या वर असतो की खाली?’