पेशंटशी बोलण्याचे गुण देताना

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली चेकलिस्ट वाचली. डेंटलच्या अंतिम वर्षाच्या मुलांचं पेशंटशी बोलणं तपासायचं काम रुजू झाल्याझाल्या तुझ्या गळ्यात पडलं, यात नवल नाही. नव्या लेक्चररला नाही म्हणायची सोय नसते. 20 मुद्दे, प्रत्येकाला अर्धा गुण. काम नेटकं आहे, पण यातले निम्मे मुद्दे पोरं पाठ करून येतील. 'तुमचा त्रास मी समजू शकतो' हे एक्स-रेकडे बघत म्हटलं तरी तुझ्या कागदावर टिक पडणारच.

माझं म्हणणं एवढंच, की मुलगा काय बोलला यापेक्षा पेशंटच्या पदरात काय पडलं ते तपास. दाढ काढल्यावरच्या सूचनाच घे. मुलगा घडाघडा सांगतो, कापूस अर्धा तास घट्ट चावून धरा, थुंकू नका, आज चूळ भरू नका, गरम खाऊ नका. सगळ्या टिका पडल्या. आता पेशंट खुर्चीवरून उतरला की तूच विचार, 'काका, घरी गेल्यावर काकूंना काय सांगाल?' काका म्हणतात, 'कापूस धरून ठेवाचा, अन् रक्त आलं का थुंकत राहाचं.' म्हणजे रात्री जखमेवर धरलेली रक्ताची गाठ निघून रक्त सुरू, आणि सकाळी काका परत दारात. अशा वेळी त्या मुलाला सूचनांचे पूर्ण गुण कसे देणार? आणि हाच प्रश्न मुलानं स्वतःहून विचारला, चूक ऐकून पुन्हा समजावलं, तर मात्र हात आखडू नकोस.

खर्र्याचा, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाचा, प्रश्न तर आपल्याकडे टाळून चालतच नाही. 'तंबाखू, सुपारीचं व्यसन आहे का?' असं सासऱ्यासमोर विचारलं तर कुठली सून हो म्हणेल? सोबतच्यांना बाहेर बसवून, आवाज खाली आणून 'दिवसाला किती खर्रे होतात?' असं सहज विचारणाऱ्याला खरा आकडा मिळतो. खर्र्यानं तोंड आखडून त्यात तीन बोटंही जात नाहीत हे दिसत असताना 'व्यसन नाही' लिहून मोकळं होणाऱ्याचे गुण कापच. दाढ काढली की नजर जाते, ही भीतीही रोज कानावर येते. मुलगा हसतो का, दटावतो का, की 'कोणाचं असं झालेलं पाहिलंत?' म्हणून ऐकून घेतो, तिथे बारीक लक्ष ठेव.

आपल्या धंद्याची गोची अशी, की काम सुरू झालं की पेशंटचं तोंड आपल्याच ताब्यात जातं. म्हणून खुर्ची आडवी करण्याआधी, मास्क वर ओढण्याआधी काय बोलणं झालं त्याला जास्त वजन दे. दुखलं तर डावा हात वर करा, हे सांगितलं का? आणि हात वर गेल्यावर ड्रिल खरंच थांबलं का? तुझ्या यादीत पहिलं आहे, दुसरं नाही.

बेकमन आणि फ्रँकेल या संशोधकांनी 1984 मध्ये छापलेल्या अभ्यासासाठी अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या भेटी टेप करून ऐकल्या, तर सरासरी 18 सेकंदांत डॉक्टर पेशंटचं बोलणं तोडत होते. तूही घड्याळ लाव. 'कधीपासून दुखून राहिलं?' एवढं विचारून मुलगा किती वेळ गप्प राहतो, ते नुसतं टिपून ठेव. गुण नको देऊस, नाहीतर पोरं सेकंद मोजत गप्प बसतील!

हार्डन यांनी स्कॉटलंडमधल्या डंडीत ऑस्की, म्हणजे ठरवून दिलेल्या प्रसंगांवर एकाच यादीनं गुण देणारी परीक्षा, काढली (1975 साली) ती सगळ्यांना सारखी कसोटी मिळावी म्हणून. ओपीडीत ते जमत नाही; एकाच्या वाट्याला काटोलचा बोलका संत्रेवाला येतो, दुसऱ्याच्या वाट्याला बालाघाटची फक्त हिंदी कळणारी घाबरलेली आजी. म्हणून एकाच पेशंटवर निकाल लावू नकोस. प्रत्येकाला निदान तीन-चार वेगवेगळे पेशंट दे आणि सुरुवातीचे काही दुसऱ्या परीक्षकाबरोबर, एकमेकांचे कागद न बघता तपास. तुमच्या गुणांत फार अंतर पडलं तर आधी यादी दुरुस्त कर, मुलांचा निकाल नंतर. नवी यादी झाली की पाठव. 10 मुद्द्यांच्या वर गेली तर मी वाचणार नाही.